सव्वा महिना अळणी

१

मुकुंद विषानं मेला, यावर सगळ्या पांढुर्ण्याचं एकमत होतं. विष बायकोनं दिलं, यावरही होतं. माणसं एखाद्या गोष्टीवर इतक्या झटपट एकमताला आली की सौसरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर उषाबाईंचं डोकं उठायचं. आधी नागपूरच्या कॉलेजात त्या पंधरा वर्षं औषधशास्त्र शिकवत होत्या. तिथंही एकदा सगळ्या विभागाचं त्यांच्याविरुद्ध, विभागप्रमुख साहेबांच्या बाजूनं एकमत झालं होतं, म्हणून तर त्या सौसरला आल्या होत्या.

ते १९८६ साल होतं. वैशाखातल्या भर दुपारी पांढुर्ण्याचे ठाणेदार भगवंतराव जीपमधून उतरले. एका हातात गोळ्यांची बाटली, दुसऱ्या हातात नागपूरहून आलेला रक्ताचा रिपोर्ट.

"बाई, तुमची नुसती राय पाह्यजे. या गोळ्या जास्त चारल्या तं माणूस मरते, इतकं लिहून द्या. सोमवारी त्या बाईले कोर्टात उभी करून राहिलो."

"बसा आधी. पाणी प्या."

भगवंतराव पाणी प्याले आणि त्यांनी हकिकत सांगितली. मुकुंद शाळामास्तर. आठवडाभर हातपाय थरथरत होते, मग उलट्या, मग जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला. थोरल्या भावानं टॅक्सी करून नागपूरला नेलं. दुसऱ्या दिवशी गेला. रक्तात लिथियम निघालं, असायला हवं त्याच्या चौपट. गोळ्या रोज सकाळ-संध्याकाळ बायको स्वतःच्या हातानं द्यायची. मुकुंदच्या आईनं, मनकर्णाबाईनं, तसं बयान दिलं होतं.

"हे लिथियम कायचं औषध होय बाई?"

"मन थाऱ्यावर नसलं की देतात. कधी माणसाचे हात आभाळाला लागतात, कधी अंथरुणातून उठवत नाही, अशा माणसाला ते ताळ्यावर ठेवतं. औषध चांगलं आहे. पण त्याचा गुण आणि त्याचं विष यांच्यात बोटभर अंतर."

"मंग तेच तं मी म्हणून राहिलो."

उषाबाईंनी बाटली टेबलावर ओतली आणि गोळ्या मोजल्या. चिठ्ठीवरच्या तारखेशी हिशेब जुळवला. जितक्या उरायला हव्या होत्या तितक्याच होत्या.

"दुसरी बाटली असन," भगवंतराव म्हणाले.

"ही गोळी काही किराण्याच्या दुकानात मिळत नाही. नागपूरच्या दुकानात विचारलंत?"

"विचारलं. या चिठ्ठीवर एकच बाटली गेली म्हणे. घराची झडतीही घेतली. दुसरी नाही."

"मग चौपट आलं कुठून, भगवंतराव?"

ठाणेदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. उषाबाई वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर दोन प्रश्न लिहायच्या. औषध देहाचं काय करतं? आणि देह औषधाचं काय करतो? पहिला प्रश्न सगळे घोकायचे. दुसरा परीक्षेला येत नाही म्हणून कोणी उघडून बघायचं नाही. इथंही तसंच चाललं होतं. गोळीनं मुकुंदचं काय केलं हे गावाला कळलं होतं. मुकुंदच्या देहानं गोळीचं काय केलं, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती.

"बहुतेक औषधं यकृत मोडून टाकतं," त्या म्हणाल्या. "लिथियम मोडत नाही. जसं आत जातं तसंच लघवीतून बाहेर पडतं. रोज जितकं आत तितकंच बाहेर, म्हणून रक्तातली पातळी जागच्या जागी राहते. आता आत तर जास्त गेलेलं नाही. म्हणजे बाहेर जायचं दार कोणीतरी लावून घेतलं."

"कोणी?"

"ते मला त्या बाईला विचारू द्या."

२

स्मिता ठाण्याच्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसली होती. बोरगावची, संत्र्यावाल्या शेतकऱ्याची मुलगी. नवरा जाऊन चार दिवस झाले होते आणि तिला रडायलाही कोणी मोकळं सोडलं नव्हतं.

"गोळ्या तूच द्यायचीस?"

"हो. मीच देत होती."

"कशाच्या म्हणून?"

"लग्नात सांगतलं होतं का पित्ताच्या हायेत. चार वर्षं मी पित्ताच्याच समजत होती. मागच्या महिन्यात त्याईनं सोताच खरं सांगतलं. लय रडले. म्हणे, तुले फसवून आणलं आम्ही."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. दोन दिवस बोलली नाही. मंग म्हटलं, माणूस तं सोन्यासारखा हाय. गोळी खाते तं खाते. साखरेच्या बिमारीवाले नाही का खात?"

उषाबाईंना ही मुलगी आवडली. आवडणं म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी एकेक दार ठोठावून पाहिलं. दुसरं काही औषध चालू होतं? सांधेदुखीची गोळी? लघवी होण्याची? मुतखडा, मूत्रपिंडाचा काही आजार? स्मितानं सगळ्याला मान हलवून नाही म्हटलं.

"थरथर एकदम सुरू झाली की हळूहळू?"

"हळूहळू. आधी चहाचा कप बशीत वाजे. मंग दाढी करताना गाल कापला. मी म्हटलं, नागपूरच्या डॉक्टरले दाखवू. तं आमचे भासरे म्हणे, उन्हाचं हाय, मंडपाच्या कामात पडून राहिला ना, होईन बरा."

भासरे म्हणजे थोरला दीर, श्रीकांत. गुजरीच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान होतं. त्याच्या मुलीचं, छायाचं, लग्न ज्येष्ठात होतं, वरूडच्या एका बड्या घरात.

"गोळ्या कोण आणायचं?"

"तेच. याईले त्या डॉक्टरच्या दारात कोणी पाह्यलं तं बोभाटा होईन म्हणून तेच जात. रक्त द्यायलेच काय ते हे जात, तेही दुसऱ्याच नावानं." स्मितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बाई, एक गोष्ट सांगू? याईचं मन लागत नव्हतं. म्हणे, माह्या लग्नात खोटं बोललो ते बोललो, छायाच्या लग्नात नाही बोलणार. वरूडवाल्याईले मी जाऊन सांगणार हावो का घरात हे बिमारी हाय. पुढं पोरीले कोणी बोल लावू नये."

"हे श्रीकांतला माहीत होतं?"

"त्याईलेच तं पह्यले सांगतलं. दोघं भाऊ दिवसभर एकमेकाशी बोलले नाहीत."

बाहेर भगवंतराव वाट बघत होते. ते म्हणाले, "भावाभावात बाई, नाराजी होतच राहते. पण गोळी तं तिच्याच हातची ना?"

३

श्रीकांत दुकानाची फळी अर्धी उघडून बसला होता. सुतक असलं तरी लग्नसराई होती. डोक्याचे केस काढलेले, डोळे सुजलेले. दुःख खोटं नव्हतं. उषाबाईंनी खोटं दुःख खूप पाहिलं होतं, त्याचे डोळे असे सुजत नाहीत.

"डॉक्टरीणबाई, मले त्या औषधातलं काई समजत नाही. मी आपला हमाल. चिठ्ठी दाखवायची, बाटली आणायची."

"नागपूरच्या डॉक्टरांनी कधी काही पथ्य सांगितलं?"

"नाही बाप्पा. गोळी टायमावर घ्या, इतकंच." त्यानं कापडाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "घरात चला. माय तुमाले भेटून घेईन."

घरात माजघराच्या भिंतीला टेकून मनकर्णाबाई बसली होती. सत्तरीची, हाडापेरानं मजबूत, आवाज चिरका. तिनं आधी सुनेला पोटभर शिव्या दिल्या. उषाबाईंनी त्या ऐकून घेतल्या. समोर देव्हारा होता. मारुतीच्या तसबिरीपुढं पितळेचा वाडगा होता आणि त्यात काठोकाठ मीठ. वरचा पांढरा ढीग दमटून घट्ट बसला होता.

"माय, देवापुढं मीठ कशाला?"

म्हातारी एकदम बोलू लागली.

"मुकुंदाच्या नेमाचं होय ते. सव्वा महिना अळणी धरलं होतं त्यानं, पोरगं व्हावं म्हणून. चार वर्षं झाले लग्नाले, पाळणा नाही. रोज त्याच्या वाटणीचं चिमूट चिमूट मीठ मी देवापुढं टाकत होती. नेम पुरा झाला का दान द्यायचं होतं." तिनं डोळ्यांना पदर लावला. "काई खात नव्हता पोरगा. भाजी अळणी, वरण अळणी. समोर आंब्याचं लोणचं घालून राहिली होती मी, त्याले बोटभर चाटू नाही दिलं. आठ दिवस राह्यले होते फक्त."

उषाबाईंनी पुन्हा त्या वाडग्याकडं पाहिलं.

"हा नेम कोणी सांगितला, माय?"

"श्रीकांतनं. म्हणे, दुकानात कोणी महाराज आले होते, त्याईनं सांगतलं. ज्याले पोरगं पाह्यजे त्यानंच अळणी खावं म्हणे. मुकुंद हासे, पण माह्यासाठी मानलं त्यानं. मायचा शब्द खाली पडू देत नव्हता तो."

"स्मितानं नाही धरला?"

"तिले कायले? ज्याले पाह्यजे त्यानंच." मनकर्णाबाईचा आवाज अचानक चढला. "अन् सांगू का, श्रीकांतनंच मोडला तो नेम. शेवटी मुकुंद वळवळ करून राहिला होता ना, तं हा धावत रांधणीत गेला, मूठभर मीठ गडव्यात ढवळलं अन् त्याच्या तोंडात ओतून राहिला. मी हात धरला त्याचा. म्हटलं, काहून रे, देवाचा नेम मोडतं? ऐकलं नाही. रडे अन् ओते. साखर नाही, लिंबू नाही, नुसतं मीठ. त्या रात्रीच देव कोपला. सुनेनं मारलं ते मारलंच, पण मारुती वाचवत होता, ह्यानं मीठ पाजून घात केला."

दारात श्रीकांत उभा होता. तो कधी आला कोणाला कळलं नव्हतं. उषाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं मान फिरवली.

४

दुसऱ्या दिवशी नागपूरला ट्रंककॉल लागायला सगळी दुपार गेली. पलीकडून मानसोपचाराचे डॉक्टर ओरडून बोलत होते. लाइन खराब होती, पण एक वाक्य स्वच्छ ऐकू आलं.

"अहो बाई, मी त्याच्या भावाला समोर बसवून सांगितलं होतं. मीठ तोडायचं नाही, कडक उपास करायचे नाहीत, उन्हात घाम गेला तर मीठ-पाणी वाढवायचं. त्यानं माझ्यापुढं घोकून दाखवलं. पेशंट तेव्हा भानावर नव्हता, आणि पुढं त्याला कोणी माझ्याकडं आणलंच नाही."

फोन ठेवल्यावर उषाबाईंनी भगवंतरावांना समोर बसवलं.

"मीठ आणि लिथियम हे चुलतभाऊ आहेत, असं समजा. तोंडावळा इतका सारखा की मूत्रपिंड फसतं. अंगात मीठ भरपूर असलं की ते दोघांनाही बिनधास्त बाहेर जाऊ देतं. मीठ कमी पडलं की घाबरतं, आणि मिठाचा कण न् कण परत आत ओढायला लागतं. त्या ओढाओढीत चुलतभावालाही ओढतं. गोळी तीच, हात तोच, वेळही तीच. पण रोज बाहेर जायचं ते आत साठत जातं. वर वैशाखाचं ऊन, मंडपाचं काम, घामातून उरलंसुरलं मीठही गेलं. मग उलट्या. म्हणजे आणखी गेलं."

"म्हंजे गोळी जास्त दिलीच नाही?"

"एकही नाही. सगळे शोधत होते त्याला काय जास्त दिलं. त्याला दिलं काहीच नाही, त्याच्याकडचं काढून घेतलं."

भगवंतराव म्हणाले, "पण बाई, म्हातारीनं भोळेपणानं केलं असन."

"म्हातारीनं भोळेपणानंच केलं. पण नेम सांगणाऱ्याला मिठाचं पथ्य तोंडपाठ होतं. मला म्हणाला, डॉक्टरनं काही पथ्य सांगितलंच नाही. मग भाऊ तडफडायला लागल्यावर तो मिठाकडं कसा धावला? हगवण लागली की आपण साखर-मीठ-पाणी देतो, लिंबू पिळतो. हा नुसतं मूठभर मीठ पाजत होता, आईनं देवाची आण घातली तरी. या औषधाला मीठ लागतं हे त्या घरात एकालाच ठाऊक होतं. दार ज्यानं लावलं त्यालाच कडी कुठं आहे हे माहीत असतं."

५

दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये, श्रीकांतनं फार वेळ नाकारलं नाही. ठाणेदार बाहेर होते. तो आणि उषाबाई दोघंच होते म्हणून असेल, किंवा चार दिवस तो कोणीतरी विचारायचीच वाट बघत असेल.

"मारायचं नव्हतं हो," तो म्हणाला. "आईच्यान सांगतो, मारायचं नव्हतं. थोडा थरथरला असता, पडून राह्यला असता. लग्न होईस्तोवर. वरूडले गेला नसता, बस. त्याले किती समजावलं मी. म्हटलं, झाकली मूठ राहू दे. माह्या पोरीनं काय पाप केलं? तं म्हणे, दादा, एक घर फसवलं, दुसरं नाही फसवत."

"आणि थरथर सुरू झाल्यावर? तेव्हा थांबवता आलं असतं."

"वाटलं, अजून चार दिवस. डॉक्टर म्हणाले होते हळूहळू चढते. मले वाटलं, हळूहळू उतरनही."

उषाबाईंना राग आला, आणि रागाबरोबर एक जुनी हताशा. अर्धं ज्ञान असलेली पोरं त्यांनी वर्गात पाहिली होती. ती निदान नापास व्हायची.

"हे ठाणेदारांपुढं सांगा."

श्रीकांतनं तोंड पुसलं. सुजलेल्या डोळ्यांत आता दुकानदार परत आला होता. "मी काय सांगतलं तुमाले? काहीच नाही. माय सांगन ते खरं."

मनकर्णाबाईला सांगावं लागणारच होतं. तिचं बयान मागं घेतल्याशिवाय स्मिता सुटत नव्हती. उषाबाईंनी आयुष्यात अनेक वाईट बातम्या दिल्या होत्या, पण आईला असं सांगायची वेळ कधी आली नव्हती. माजघरात, भगवंतरावांसमोर, दाराशी श्रीकांत उभा असताना, त्यांनी साध्या शब्दांत सगळं सांगितलं. गोळी कशी बाहेर जाते. मीठ नसलं की कशी साठते. त्या वाडग्यातलं चिमूट चिमूट मीठ कुठं असायला हवं होतं.

म्हातारी वाडग्याकडं बघत राहिली.

"मंग त्यानं मीठ पाजलं ते...?"

"ते औषध होतं, माय. फार उशिरा दिलेलं."

"अन् मी हात धरला त्याचा."

भगवंतरावांनी बयानाचा कागद पुढं ओढला. "माय, आता खरं सांगजो. हा अळणीचा नेम तुले कोणी सांगतला?"

म्हातारीनं आधी दाराकडं पाहिलं. एक लेक गेला होता. दुसरा चौकटीला धरून उभा होता. उषाबाईंना तिचं उत्तर तिच्या आधी कळलं.

"कोणी नाही सांगतला," मनकर्णाबाई म्हणाली. "माह्याच मनात आलं."

"माय, काल तुम्ही मला म्हणालात..."

"म्हातारपणी काय बी बोलते माणूस. माह्याच मनात आलं. लिहून घे भगवंता. सुनेचा काई दोष नाही, तेही लिहून घे."

तिनं अंगठा दिला. शाई पुसायला तिनं पदर वापरला नाही, तशीच बसून राहिली.

बाहेर ओट्यावर उषाबाई म्हणाल्या, "तो माझ्यापाशी कबूल झाला, भगवंतराव. मी कोर्टात सांगेन."

"अन् तो म्हणन, बाई खोटं बोलते. बरं, दफा कोणती लावू? मीठ नाही दिलं याची? अन् तेही आईनं नाही दिलं, आपल्या मर्जीनं, देवाच्या नावानं." ठाणेदार जीपमध्ये बसले. "बोरगावच्या पोरीले सोडतो मी आज. तितकं तुमच्यानं झालं. तितकंच होते बाई."

त्यांचं खरं होतं, म्हणूनच उषाबाईंना ते फार लागलं.

६

तेराव्याला जायचं कारण नव्हतं, तरी उषाबाई गेल्या. स्मिता आली होती. बाप सोबत होता. तिनं फोटोला नमस्कार केला आणि पाण्याचा घोटही न घेता बैलगाडीत जाऊन बसली. जाताना ती उषाबाईंना म्हणाली, "मले आधीच कोणी सांगतलं असतं ना बाई, का याईले मीठ लागते, तं मी रांधणीत कोणाले पाय ठेवू दिला नसता." एवढंच. गाडी जांब नदीच्या बाजूला वळली.

वरूडहून दोन दिवसांपूर्वीच निरोप आला होता. ठाण्यात गोळ्यांचं नाव निघालं, ठाण्यातून पानठेल्यावर, पानठेल्यावरून एसटीनं वरूडला. मुलीच्या घराण्यात वेड आहे म्हणे, सोयरीक करायची नाही. छाया आतल्या खोलीत दार लावून होती. जे झाकण्यासाठी एवढं केलं ते आता भाजीवाल्यांनाही माहीत होतं. मुकुंदनं सांगितलं असतं तर निदान एका प्रामाणिक माणसाच्या तोंडून कळलं असतं.

पंगत बसली. सरळ रेषेत पानं मांडली गेली. श्रीकांत मधोमध बसला, खांद्यावर नवा पंचा. गावातली माणसं हळू आवाजात आंब्याच्या भावाबद्दल बोलत होती.

पानात पहिलं मीठ वाढतात. आतून मनकर्णाबाई आली, कोणी नको म्हणत असताना. तिच्या हातात देव्हाऱ्यातला पितळी वाडगा होता. ती वाकत, गुडघे धरत, एकेकाच्या पानावर चिमूटभर मीठ ठेवत गेली. श्रीकांतच्या पानापाशी थांबली. तिनं वाडगा उलटा केला. घट्ट बसलेलं मीठ एका दणक्यात सुटलं आणि त्याच्या पानावर वाडग्याच्या आकाराचा पांढरा ढीग उभा राहिला.

शेजारचे दोघं मागं सरकले.

"माय..." श्रीकांत म्हणाला.

"खाय. मुकुंदाच्या वाटणीचं होय."

तिनं भात वाढू दिला नाही, वरण वाढू दिलं नाही. ती त्याच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. भगवंतराव पलीकडच्या रांगेत होते, त्यांनी उषाबाईंकडं पाहिलं आणि लगेच आपल्या पानाकडं पाहिलं. म्हातारीनं अंगठा देऊन जे लिहून दिलं होतं त्यातला शब्दही ती बदलणार नव्हती, आणि तरी सगळ्या पंगतीला आता सगळं कळलं होतं.

श्रीकांतनं पहिली चिमूट तोंडात घातली. मग दुसरी. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते मिठानं की कशानं हे कोणी विचारलं नाही. त्यानं भांड्याकडं हात नेला तेव्हा मनकर्णाबाईनं ते उचलून आपल्या मांडीशी ठेवलं. पानातलं मीठ संपेपर्यंत तिनं त्याला पाणी दिलं नाही.